सदतीस नंबरचा डबा

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरवर धुकं असं बसलं होतं की गल्लीच्या तोंडाचा विजेचा खांबसुद्धा दिसत नव्हता. महानंदाच्या स्वैपाकघरात मात्र भर उन्हाळा होता. दोन शेगड्या धडधडत होत्या, एका तव्यावर पोळी, दुसऱ्यावर भाकर, आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत तिनं वांग्यांना फोडणी देऊन टाकली होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर पीठ, आणि तोंडानं मोजणी चालू: अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

साठ डबे. सगळे एकाच वसतिगृहातल्या पोरींचे, डॉक्टर व्हायला गावोगावाहून लातूरच्या क्लासला आलेल्या. प्रत्येक झाकणावर लाल नेलपॉलिशनं नंबर घातलेला. महानंदाला पोरींची नावं नीट येत नसत, पण नंबर पाठ होते. बावीस नंबर भाताला शिवत नाही. नऊ नंबर लोणच्यावर जगते. एक्केचाळीस नंबरचं घरी भांडण झालं की डबा तसाच परत येतो. डबा जाताना सगळ्यांचा सारखा असतो. परत येताना मात्र ज्याचा त्याचा असतो, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षांपूर्वी रेणापूरकडनं नवऱ्याबरोबर लातूरला येऊन तिनं चार डब्यांवर मेस सुरू केली, तेव्हापासनं ती हेच वाचत आली होती. सातवी शिकलेल्या बाईला एवढं वाचन पुष्कळ झालं.

आदल्या दिवशी मेस बंद होती. येळवशीला लातुरात कुणाची मेस चालू असते? मार्गशीर्षातल्या त्या वेळ अमावस्येला अख्खं शहर कुलपं लावून शिवारात जातं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आंबील प्यायची आणि भज्जी-उंडे पोटाला तडस लागेस्तोवर हाणायचे. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं. बोलावणं लागत नाही. वाटंनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून पानावर बसवतात. आणि तू कोण, कुणाचा, परत कधी जाणार, हे येळवशीच्या पाहुण्याला विचारायचं नसतं. महानंदा आणि तिचा नवरा भागवतसुद्धा काल तिच्या भावाच्या शेतात दिवसभर लोळून आले होते.

साडेआठच्या सुमाराला भागवतची मोटारसायकल दारात खडखडली. तिच्या दोन्ही अंगाला लोखंडी जाळ्या जोडलेल्या होत्या, डबे ठेवायला. त्यानं परवाचे रिकामे डबे ओट्यावर ओतले.

महानंदानं भाकर थापता थापता नजरेनंच ओळ फिरवली आणि तिचा हात थांबला.

"सदतीस कुठंय?"

"कोणचा सदतीस?"

"सदतीस नंबर. राजकन्या. भोकरकडची."

"नसंल आणून ठिवला तिनं. वरच्या मजल्यावरच्या पोरी म्हणलाल्या, ती येळवशीला कुणाच्या तरी शेतात गेलीय, आली न्हाई अजून." भागवतनं हात शेकायला शेगडीपुढं धरले. "एका डब्यानं काय जीव चाललाय का तुझा?"

महानंदा पुन्हा डब्यांची ओळ मोजू लागली. तव्यावरची भाकर करपली, तरी तिला वास आला नाही. तेव्हा भागवतनंच चिमट्यानं ती उतरवली आणि बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

सदतीस नंबरची गोष्टच वेगळी होती. जूनमध्ये ती पोरगी बापाबरोबर मेसमध्ये आली, तेव्हा हळूच म्हणाली होती, "काकू, मला पोळी नको. ज्वारीची भाकर देतान का?" साठ डब्यांत एक भाकर! पण महानंदानं हो म्हटलं. पहिल्याच दिवशी तो डबा परत आला तो घासून लख्ख, आणि आत चिमूटभर साखर. दुसऱ्या दिवशी चार फुटाणे. मग कधी बडीशेप, कधी कण्हेरीचं फूल. आमच्या वाडीला भांडं रिकामं परत देत न्हाईत, एवढंच ती म्हणाली होती. महानंदानं ती साखर कधी चहात टाकली नाही. एका बरणीत साठवली. कशाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा डबे द्यायला यशोदाबाई जायची. मेसमधली जुनी बाई, सात वर्षं महानंदाच्या हाताखाली आणि तोंडापुढं काम केलेली. पुरुषांना वसतिगृहाच्या आत मनाई, म्हणून भागवत फाटकात थांबायचा आणि यशोदाबाई तीन मजले चढून एकेकीच्या हातात डबा द्यायची, दोन शब्द बोलायची. दिवाळीला तिची सून बाळंत झाली, म्हणून यशोदाबाई अहमदपूरकडं आपल्या गावी निघून गेली. तेव्हापासनं भागवत फाटकातच सगळे डबे ठेवू लागला, आणि पोरी आपापले उचलू लागल्या.

आणि तेव्हापासनंच सदतीस नंबर बदलला होता. डबा येताना मळका. आत साखर नाही, काही नाही. वर महिनाभरापासनं त्यात पोळीचे काठ निघायचे, चघळून टाकलेली शेवग्याची शेंग, दुसऱ्याची मेथी, खरकटा भात. पोळी? त्या डब्यात महानंदानं कधी पोळी घातलीच नव्हती. मग आली कुठनं? तिनं हे रोज बघितलं होतं. रोज मनात म्हटलं होतं, विचारायला पाहिजे. आणि रोज पुढचा डबा हातात घेतला होता.

"गाडी काढा," ती एकदम म्हणाली.

"आता? पोळ्या?"

"पोळ्या जाऊ द्या खड्ड्यात. काढा म्हणलं ना!"

वसतिगृहाच्या फाटकात रेक्टर महामाया मॅडम स्वेटर घालून उन्हाची वाट बघत उभ्या होत्या. महानंदाला बघून त्या हसल्या. "काय महानंदाताई, एका डब्यासाठी स्वतः आलात?"

"डब्यासाठीच म्हणा. पोरगी कुठाय मॅडम?"

"अहो, काल येळवस नव्हती का? पोरी पोरींबरोबर शेतात गेल्या. ही बघा वही. सही करून गेलीय." मॅडमनी बोट ठेवलं. राजकन्येच्या नावापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मैत्रिणीच्या शेतात.

"मैत्रीण कोणची?"

मॅडमचं बोट वहीवरच राहिलं. "आता ते... येळवशीला कुठं आपण विचारतो, कुणाच्या शेतात म्हणून?"

"कालची गेलेली पोरगी रात्री न्हाई, आज न्हाई, तरी?"

"गावात मुक्काम केला असेल. काल दहा-बारा जणी राहिल्यात बाहेर. आपण संध्याकाळपर्यंत वाट बघू, मग चौकीत कळवू."

"मॅडम," महानंदा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "ह्या इमारतीत त्या पोरीला एक बी मैत्रीण न्हाई. कळवायचं ते आत्ता कळवा."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यांनी खिशातनं फोन काढला आणि चौकीचा नंबर शोधू लागल्या. महानंदा तोवर जिना चढायला लागली होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चार खाटा. दोघी क्लासला गेलेल्या. तिसरी, आरती, आरशापुढं वेणी घालत होती. लातुरातलीच, एका दुकानदाराची पोरगी. घर लांब म्हणून नाही, अभ्यास व्हावा म्हणून इथं ठेवलेली. चौथी खाट मोकळी होती, चादर अशी ताणून घातलेली की कुणी झोपलंच नाही कधी.

"सतरा नंबर ना तू?" महानंदानं विचारलं. "मेथीची भाजी टाकणारी."

आरती दचकली. "काकू, तुम्ही वर कशा?"

"पोळीचे काठ कोण टाकत होतं गं सदतीसमध्ये?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी तिला भाकर देते. पोळी देत न्हाई. काठ तुमचे. मेथी तुझी, मेथीला तू हात लावत न्हाईस, मला माहिताय. खरकटं तुमी करायचं, आन् तिच्या डब्यात भरायचं. मग ती काय खात होती? बोल."

आरतीच्या हातातली वेणी सुटली. "आम्ही मजा करत होतो, काकू. ती काही म्हणायचीच नाही. म्हणून मग..." मग एकदम घळाघळा सगळं बाहेर आलं. नावावरनं चिडवणं: राजकन्या आली, मुजरा करा, राजकन्येचा राजवाडा पत्र्याचा का कुडाचा. भाकरीवरनं चिडवणं. आणि परवा संध्याकाळी, राजकन्या बापाशी फोनवर बोलत असताना एकीनं चोरून व्हिडिओ काढला. "आबा, मी जेवून राहिले, भाकर खाऊन राहिले, तुमी चिंता करून राहू नका." त्याला खाली ढोलकी जोडली आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला. चारशे पोरं त्या ग्रुपवर.

"बघितला तिनं?"

"बघितला. काहीच बोलली नाही. सकाळी उठून, आमच्या आधी, गेली. हातात फक्त डबा होता."

महानंदानं मोकळ्या खाटेची गादी उचलली. खाली फोन होता, बंद केलेला, त्याच्यावर घडी करून ठेवलेला ओळखपत्राचा पट्टा. लातुरात राहून क्लासच्या पोरापोरींचं काय काय कानावर येतं, ते तिला ठाऊक होतं. विहीर हा शब्द तिनं मनातसुद्धा पुरता येऊ दिला नाही. गादी खाली टाकली आणि जिना उतरली. मागनं चपला न घालता आरती.

मेसवर येऊन तिनं जूनमधल्या वहीतनं बापाचा नंबर काढला. पहिल्याच रिंगला उचलला.

"मी सटवाजी बोलून राहिलो."

"भाऊ, लातूरची महानंदा, डबेवाली. राजकन्या तिकडं आली का?"

पलीकडं लांबवर कुणाचा तरी पंप चालू होता. मग, "न्हाई जी. काऊन?"

तिनं काही लपवलं नाही. काल सकाळपासनं दिसत नाही, पोरींनी लई छळलंय, आम्ही हुडकायला लागलोत. सटवाजीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मी निघालोच, माय. तुमी तेवढं हुडका." फोन ठेवायच्या आधी त्याचा एक हुंदका आला, तो त्यानं खाकरण्यात लपवला.

भागवतला तिनं बसस्टँडवर पिटाळलं: प्रत्येक टपरीवर विचार, पांढऱ्या पंजाबी ड्रेसमधली सडपातळ पोरगी, हातात डबा. आणि ती स्वतः ओट्यापुढं उभी राहिली. घाईत चालूच राहिलेल्या शेगडीवर वांगं तळाला लागलं होतं. दारात आरती अजून रडत होती.

"रडणं मागनं कर. पीठ मळता येतं का?"

"नाही."

"मग शीक. परात तिथंय."

दीड तास झाला. भागवत आला तो मोटारसायकल उभी न करताच, इंजिन चालू, गल्लीतनंच ओरडत, "आगं ये! सापडला! सापडला!"

"पोरगी?"

"डबा!"

छातीशी धरलेला तो स्टीलचा डबा. झाकणावर लाल सदतीस, आणि खाली मेसचं नाव. नांदेडहून आलेल्या यष्टीचा कंडक्टर स्टँडवर हातात डबा घेऊन विचारत फिरत होता, ही महानंदा मेस कुठं आली ओ, म्हणून! भागवतनं त्याला मिठीच मारली होती. कंडक्टर म्हणाला, अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर एका पोरीनं गाडीला हात केला. गाडी थांबली तर चढली नाही. खिडकीतनं डबा दिला, म्हणाली, मामा, एवढा पोचवा, त्यांना एक डबा कमी पडंल.

"अगं बया," महानंदा म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जगावर रुसून निघालेली पोरगी, आणि माझा डबा कमी पडंल म्हणती!

"पुढं तर ऐक," भागवत धापा टाकत म्हणाला. "डबा देऊन ती रस्ता वलांडून पलीकडच्या अंगाला जाऊन हुबारली. नांदेडकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं."

म्हणजे निघाली होती. कुठं? घरी जायचं तर बापाला कळवलं असतं. नांदेडला रेल्वेचं स्टेशन आहे, गोदावरीचा पूल आहे. महानंदानं मान झटकली आणि झाकण उघडलं.

डबा रिकामा नव्हता. वरच्या खणात बोरं आणि हरभऱ्याचे हिरवे घाटे. खालच्या खणात दोन बाजरीचे उंडे, बाजूला भज्जी. येळवशीची भज्जी, तुरीचे दाणे, वाटाणा, भुईमुगाच्या शेंगा, मेथी, सगळं एकात एक शिजलेलं. महानंदानं बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. डोळे मिटले.

"कारळं."

"काय?"

"भज्जीत कारळाचं कूट घातलंय. अख्ख्या जिल्ह्यात भज्जीत कारळं घालणारी बाई एकच हाय, आन् तिच्याशी मी सात वर्षं भांडले, की बाई गं, चटणीचं कारळं भज्जीत कोण घालतं!"

भागवतचं तोंड उघडंच राहिलं. मग दोघंही एकाच वेळी ओरडले, "यशोदाबाई!"

दोन दोन पायऱ्या चढून डबा हातात देणारी यशोदाबाई. जाताना ती सगळ्या पोरींना सांगून गेली होती, येळवशीला माझ्या शिवारात या गं. साठांतल्या एकीनं ते खरं मानलं होतं. यशोदाबाईला फोन लावावा तर तिच्याकडं फोन नाही; पोराचा नंबर लागेना.

आता धांदल उडाली. महानंदानं सटवाजीला फोन लावला. "भाऊ, कुठं आलाव?"

"नांदेडच्या स्टँडवर. लातूरची गाडी लागून राहिली."

"लातूरला येऊ नका! अहमदपूरच्या पुढल्या फाट्यावर उतरा, कंडक्टरला तसं सांगून ठिवा, आन् वाटंत गाड्यांच्या खिडक्यांतनं बघत या, तिकडनं येणाऱ्या!" मग महामाया मॅडमना: पोलिसांना अहमदपूरच्या अलीकडचा फाटा कळवा, आणि ऐका, सकाळचे डबे बुडालेच, संध्याकाळचे बी माझ्याकडनं होत नाहीत, तिच्या खोलीतल्या त्या दोघींना बी इकडं पाठवा, पोळ्या लाटायला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती चालू शेगडी दुसऱ्याच्या हाती देत होती. आरतीकडं वळून म्हणाली, "गॅस बारीक ठिव. आन् पोळी फुगली न्हाई तर तव्याला शिव्या देऊ नको, तुला दे."

आणि निघाले. पुढं भागवत, मागं महानंदा, दोन्ही अंगाला रिकाम्या जाळ्या, मांडीवर सदतीस नंबर. धुकं फाटलं होतं. चाकूर मागं गेलं. वारा कानात घुसत होता, जाळ्या घंटेसारख्या वाजत होत्या, आणि समोरनं येणारी प्रत्येक लाल गाडी बघून महानंदा मान उंचावत होती.

"हळू चालवा!" ती एका खड्ड्याला ओरडली, आणि पुढच्याच मिनिटाला, "काय बैलगाडी हाय का ही? पळवा की!"

"एक काय ते ठरव!" भागवत वाऱ्यात ओरडला. पण गाडी पळवली.

फाट्यावर कुणी नव्हतं. चहाच्या टपरीवरचा म्हातारा मफलर गुंडाळून बसला होता.

"बाबा, हितं एक पोरगी हुबी होती का? पांढरा ड्रेस?"

"व्हती की. तासभर व्हती. नांदेडच्या दोन गाड्या गेल्या, तिनं हातच केला न्हाई. मी म्हणलं, बाई, कुठं जायचंय? म्हणली, तेच ठरवून राहिले." म्हाताऱ्यानं मान हलवली. "मग चहा पेली आन् गेली माघारी. ह्या पाणंदीनं."

"माघारी!" महानंदानं त्या म्हाताऱ्याला हात जोडले. मोटारसायकल तिथंच टाकून ती पाणंदीनं जवळजवळ पळतच निघाली. दोन्हीकडं ज्वारी, पुरुषभर उंच, दाणा दुधात आलेला. कालच्या कोपी अजून शेताशेतांत उभ्या होत्या. आणि मग आवाज आला.

"हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाऽऽऽ हूऽऽऽ!"

कुणीतरी पाखरं हाकत होतं. मोकळा, फाटका, खणखणीत आवाज, सगळ्या शिवारावरनं फिरणारा. ताट बडवल्याचा दणदणाट. ज्वारीवरनं चिमण्यांचा थवा भुर्रकन् उठला. महानंदानं हा आवाज कधी ऐकला नव्हता. वळण आलं, ज्वारी बाजूला झाली, आणि समोर लाकडी माळा, आणि माळ्यावर, ओढणी डोक्याला फडक्यासारखी बांधून, सदतीस नंबर!

सहा महिने त्या पोरीला कुणी कुजबुजण्याच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं.

"ये राजकन्ये!" महानंदा खालनं ओरडली. ओरडताना तिचा आवाज फाटला आणि ती मटकन बांधावर बसली. हसत होती का रडत होती, ते भागवतलाही कळलं नाही.

कोपीतनं यशोदाबाई आली, हातात विळा. "बया! महानंदा! एक दिस उशिरा आलीस की गं येळवशीला!"

"यशोदे, तुला काय अक्कल? पोरगी हितं, तिकडं लातूर पालथं घातलं आम्ही!"

"पण ती मला म्हणली, मॅडमला सांगून आले!" यशोदाबाईनं विळा खाली टाकला. "आन् येळवशीच्या लेकराला मी काय इचारू, कधी जातीस म्हणून? आज सकाळी न सांगताच फाट्यावर गेलती, मला वाटलं गेली. दहाच्या सुमाराला माघारी आली, म्हणली, मावशी, पाखरं हाकू का? म्हणलं, हाक. तवाधरनं माळ्यावरच हाय."

राजकन्या खाली उतरली, हातात गोफण. तोंड उन्हानं लाल, घसा बसलेला. महानंदापुढं येऊन उभी राहिली आणि डब्याकडं बघून म्हणाली, "पोचला का, काकू?"

"पोचला. रिकामा न्हाई पोचला." महानंदानं तिला ओढून छातीशी धरलं. "का गं अशी निघालीस? मला सांगितलं असतंस तर?"

"काय सांगू? तुमच्या डब्यात खरकटं घालून राहिल्या म्हणून? मला लाज वाटत होती. डबा तुमचा होता."

"मला दिसत होतं," महानंदा म्हणाली. हे बोलायला तिला जड गेलं, पण बोलली. "महिनाभर दिसत होतं. मीच इचारलं न्हाई."

सटवाजी आला तेव्हा सूर्य माथ्यावरनं कलला होता. पाणंदीनं झपाझपा येणारा उंच, काळा माणूस, शर्टाची गुंडी वरखाली लागलेली. लेकीला बघितलं आणि दहा पावलांवर थांबला. मग पुढं झाला, तिच्या हातातली गोफण घेतली, उलटून पालटून बघितली.

"किती पाखरं मारलीस?"

"एक बी न्हाई, आबा."

"मारायची नसतेतच. हाकायची असतेत." गोफणीत त्यानं ढेकूळ घातलं, एकदा डोक्यावरनं फिरवून सोडलं. ढेकूळ ज्वारीच्या पार पलीकडं गेलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि गमछानं डोळे पुसले. "घरी चलतीस?"

राजकन्येनं बराच वेळ मातीत अंगठा फिरवला. "सकाळी फाट्यावर मी तेच ठरवून राहिले होते. घरी गेले तर तुमी काही म्हणणार न्हाई, आबा. पण मग त्यांचंच खरं झालं. मला डॉक्टर व्हायचंय." मान वर करून ती म्हणाली, "पण त्या खोलीत न्हाई जाणार."

"नको जाऊस," महानंदा झटक्यात म्हणाली. "माझ्या मागल्या खोलीत कांद्याची पोती हायेत. ती हलवू. कांद्याचा वास येईल आठ दिवस, मग जाईल."

"आन् रोज भांडायला लागंल हिच्याशी," यशोदाबाई म्हणाली. "मी सात वर्षं भांडले."

"कारळं घालायला लागलीस तर भांडण होणारच!"

सगळे हसले. राजकन्याही हसली, बसलेल्या घशानं, आणि हसता हसता एकदम रडली, आणि मग पुन्हा हसली. यशोदाबाईनं सगळ्यांना काल उरलेली आंबील दिली. सटवाजीनं पोलिसांना आणि मॅडमना स्वतः फोन करून सांगितलं, सापडली जी, सापडली, असं तीनतीनदा. निघताना यशोदाबाईनं सदतीस नंबर मागून घेतला आणि हुरड्यानं गच्च भरून महानंदाच्या मांडीवर ठेवला.

बापलेक यष्टीनं येणार होते. मोटारसायकल पुढं आली. महानंदा मेसवर पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. आत एकोणसाठ डबे ओळीनं भरून तयार होते, आणि त्यांत ज्या पोळ्या होत्या त्यांना पोळ्या म्हणायला मोठं मन लागलं असतं. काही जिल्ह्याच्या नकाशासारख्या, काही कानासारख्या. महामाया मॅडम स्वतः तव्यापुढं बसल्या होत्या, स्वेटरच्या बाह्या पिठानं माखलेल्या. खोलीतल्या दुसऱ्या दोघी भिंतीला टेकून उभ्या. आरतीच्या बोटाला चटका बसलेला.

"काकू, ती आली का?"

"येऊलालीय. बापासंगं."

"आम्ही व्हिडिओ काढून टाकला. आणि तिथंच लिहिलं, की आम्ही केलं होतं, आमच्या नावानं." ती थांबली. "मी तिला काय म्हणू?"

"ते मला इचारू नको. तिला तुझ्याशी बोलायचं असंल तर बोलंल, नसंल तर न्हाई, आन् तिचं दोन्ही खरं." महानंदानं चपला काढल्या, हातपाय धुतले. "तवर मागल्या खोलीतली कांद्याची पोती हलवा तिघीजणी. झाडून घ्या."

भागवत वाकड्यातिकड्या पोळ्यांचे डबे जाळ्यांत भरून वसतिगृहाकडं गेला. महानंदानं सदतीस नंबरमधला हुरडा परातीत काढला, डबा राखेनं घासला, धुऊन उपडा ठेवला. मग पदर कमरेला खोचला, पाटावर बसली आणि ज्वारीच्या पिठात कोमट पाणी घातलं. यष्टीनं येणारी दोन माणसं सकाळपासनं नुसत्या आंबिलीवर असणार. तिनं पहिला गोळा हातावर घेतला आणि थापायला लागली.